जुन्या गाडीचे दुखणे आणि ते ओळखणारे हात

२३ ऑक्टोबर १९२९ या दिवशी चाळीसगावात एका टांग्याचे चाक नदीवरच्या पुलाच्या कडेला रोवलेल्या दगडावर आदळले. आत बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला, अंगाला बराच मार लागला, आणि घोड्यासह टांगा नदीत कोसळला. अस्पृश्यांवरील जुलुमांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीचे सभासद म्हणून ते खानदेशात आले होते. पोलीस ठाण्यात या अपघाताची नोंद झाली असती तर ती एका ओळीत संपली असती : चालकास टांगा आवरला नाही.

ही नोंद खोटी म्हणता आली नसती. पण तिला निदानही म्हणता आले नसते. टांगा आवरला नाही, कारण हाकणाऱ्याने यापूर्वी कधी टांगा हाकलाच नव्हता. तो हाकत होता, कारण स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तडजोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला शोभेना, म्हणून त्यांनी आपल्यातल्याच एकाच्या हाती लगाम दिला. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली. त्या पुस्तिकारूपाने बाहेर आल्या १९९० साली. त्या हाकणाऱ्यावर त्यांनी राग धरलेला दिसत नाही. दोष कुठे दिसतो आणि तो कुठून निघतो, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून पाहिल्या.

जुन्या मोटारगाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग तपासणारा मिस्त्री दिवसभर नेमके हेच करीत असतो. म्हणून या लेखात त्याच्या विद्येचा थोडा इतिहास मांडायचा आहे. मोटारीचा इतिहास म्हणून जे छापले जाते तो बहुधा कारखानदारांचा इतिहास असतो : कोणी कंपनी काढली, कोणत्या सालचे मॉडेल किती अश्वशक्तीचे, इत्यादी. गाडी एकदाच बनते. दुरुस्त शंभर वेळा होते. त्या शंभर वेळांचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण तो ज्यांच्या हातून घडला ते लिहिणारे नव्हते.

सुरुवात चामड्यापासून करावी लागते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. उतारावर लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजू लागले. वाटेतल्या एका गावात तिने एका चांभाराला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. आज आपण ज्याला ब्रेक लायनर म्हणतो त्याची ही पहिली नोंद सांगतात. ज्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले ते वीसलोख गावचे दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते. त्या चांभाराचे नाव मात्र मला वाचायला मिळालेले नाही. जर्मनीतला चांभार अस्पृश्य नव्हता, त्याची सावली कोणाला बाटवीत नव्हती, हे विसरून सरळ तुलना करणे भाबडेपणाचे होईल. पण नाव पुसले जाण्यासाठी अस्पृश्यच असावे लागते असेही दिसत नाही. हाताने काम करणारा असणे पुरते.

दुसरा दाखला इंग्लंडचा. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी उतारावर घोडागाडी आवरण्यासाठी ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट अडकवीत. हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिले, आणि त्यावर विचार करून १८९७ च्या सुमारास चांगल्या ब्रेकचा धंदा सुरू केला. ‘फेरोडो’ हे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरे फिरवून बनले आहे. पुढे १९०८ च्या सुमारास त्याने लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आणले. त्याचे परिणाम पुढे पाहू.

तिसरा दाखला स्टिअरिंगचा. वळणावर आतल्या चाकाचा फेरा लहान आणि बाहेरच्या चाकाचा मोठा असतो. म्हणून दोन्ही पुढची चाके सारखीच वळवली तर त्यातले एक फरफटते. आतले चाक जरा जास्त वळले पाहिजे. ही युक्ती १८१७ च्या सुमारास म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराने काढली. इंग्लंडमधले पेटंट मात्र १८१८ साली त्याचा तिथला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमन याने घेतले. आज जगातल्या प्रत्येक इंजिनियरिंग कॉलेजात ही रचना ‘आकरमन’ म्हणून शिकवली जाते. कारागिराने डोके चालवले, कागद दलालाच्या नावे झाला!

चामड्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. माल्कम लॉकहीडने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. पायाने दांडा दाबला की बंद नळ्यांतल्या तेलावर दाब येतो आणि तो चारी चाकांकडे सारखा पोचतो. या ब्रेकच्या सिलिंडरमधल्या पहिल्या वाट्या कच्च्या चामड्याच्या होत्या. त्या वाळल्या की गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी इंजिनियरांनी रबराच्या वाट्या आणल्या तेव्हा हा ब्रेक भरवशाचा झाला. सुरुवातीचे ब्रेक ऑइलही काही मोठे रहस्य नव्हते. एरंडेल आणि अल्कोहोल. आपल्या आजीने गाडीच्या वंगणाला आणि मुलाच्या पोटाला वापरलेले तेच एरंडेल.

आपल्याकडे हे यंत्र सामान्य माणसाच्या नजरेसमोर आले ते दोन गाड्यांमुळे. एक, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. दुसरी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली. पहिलीचे उत्पादन २०१४ साली थांबले, दुसरीचे नव्या शतकाच्या तोंडावर. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे दुसरी, आणि सरकारी साहेब म्हणजे पहिली, अशी ओळख कित्येक वर्षे होती. ॲम्बॅसडरचे स्टिअरिंग दातेरी पट्टीचे. पद्मिनीचे बॉक्सचे, म्हणजे सांधे जास्त आणि झिजायच्या जागाही जास्त. दोन्ही गाड्या इतकी वर्षे जवळजवळ न बदलता बनत राहिल्या. कारखानदारांच्या आळसाबद्दल त्यांना नावे ठेवली गेली ती रास्तच. पण त्याची एक दुसरी बाजू आहे. एकच यंत्र तीस-चाळीस वर्षे रस्त्यावर राहिल्याने, ज्याला इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते त्यालाही ते पूर्णपणे शिकून घेता आले.

माझे मामा असेच शिकले. गाव सोडून १९६८ साली ते कुर्ल्याला आले, आणि एका गॅरेजात भांडी धुवावीत तसे रॉकेलमध्ये नटबोल्ट धुण्याच्या कामाला लागले. तिथल्या उस्तादाने त्यांना तीन वर्षे पान्हा दिला नाही, पण बाजूला उभे राहायला मनाई केली नाही. गावात सुताराच्या नेटाजवळ किंवा लोहाराच्या भात्याजवळ आमच्या माणसाला असे उभे राहता आले असते का, याचे उत्तर वाचकांना सांगायला नको. बलुत्यात यंत्र नव्हते, म्हणून यंत्र कोणाच्या जातीचे ठरलेले नव्हते. गॅरेजला सोवळे परवडत नाही, कारण तिथे सगळ्यांचेच हात काळे. तरी मी शहराचे गोडवे गाणार नाही. त्या गॅरेजात पाण्याचा माठ एकच असला तरी मामांचा पेला दोन वर्षे वेगळा होता. मामा सांगायचे, “पेला वेगळा होता, पण गाडी एकच होती ना. गाडीखाली दोघं एकदम झोपायचो.”

त्यांच्याकडून ऐकलेली आणि त्यांच्या शेजारी बसून पाहिलेली तपासणी इथे थोडी सविस्तर देतो. विद्यार्थ्यांनी तिच्याकडे विचार करण्याची एक रीत म्हणून पाहावे.

ब्रेकचे दुखणे आधी पायाला कळते. दांडा स्पंजासारखा मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पायाचे बळ हवेतच जिरते. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाचा निप्पल आधी सोडून हवा काढायची आणि जवळच्या चाकाकडे यायचे. दांडा मऊ नाही, पण पहिल्या दाबाला फार खाली जातो आणि दुसऱ्याला वर येतो, तर हवा नसून शू आणि ड्रम यांतली फट वाढली आहे. शू ॲडजस्ट केले की भागते. दोन्हींत दांडा दुसऱ्यांदा सुधारतो, आणि नवखा इथेच फसतो. फरक पायाखालच्या मऊपणाचा असतो. तिसरी गोष्ट : उभ्या गाडीत दांडा दाबून धरला आणि तो हळूहळू, झोपलेल्या माणसाची मान कलंडावी तसा, खाली जात राहिला. तेव्हा चारी चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधायची. ओल सापडली तर ते चाक गळते. कुठेच सापडली नाही आणि डबीतले तेलही कमी झालेले नाही, तर मास्टर सिलिंडरमधली रबरी वाटी झिजली आहे, आणि तेल आतल्या आत मागे सरकते आहे. जुन्या गाड्यांत चारी चाकांना तेलाची एकच वाट असे. ती कुठेही फुटली तर चारी ब्रेक गेले. तेव्हा ही गोष्ट उद्यावर टाकायची नसते. उरतो तो हँडब्रेक. तो तारेवर चालतो, तेलावर नाही.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते. नवखा डावे चाक उघडतो. मामा आधी उजव्या चाकाकडे जायचे. डावे चाक आपले काम चोख करते आहे म्हणूनच गाडी तिकडे ओढली जाते. आळशी बहुधा उजवे असते : त्याच्या लायनरवर तेल किंवा ग्रीस सांडलेले असते, नाहीतर त्याच्या सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला असतो. बहुधा म्हणालो, कारण थोडेसे ग्रीस लागलेले लायनर उलट ड्रमला चिकटूनही धरते. म्हणून खात्री दोन्ही चाके उघडल्यावरच करायची. पण गाडी ब्रेक न मारताही ओढत असेल तर प्रश्नच वेगळा. टायरची हवा, चाकांचे अलायनमेंट, किंवा न सुटलेला ब्रेक. पुढची दोन चाके आपसात बदलून पाहावीत. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. बरीच गाडी चालवून झाल्यावर ड्रमला हात जवळ नेऊन पाहावा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. अशा वेळी पुष्कळदा रबरी होज आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने तेल त्यातून पुढे जाते, पण परत यायला तिथे जोर नसतो. बाहेरून होज नव्यासारखा दिसतो. बाहेरून नवा दिसणारा होज आतून बंद असतो, हे त्यांचे आवडते वाक्य. ते एका पुढाऱ्याबद्दलही वापरत.

घाटातला प्रकार आणखी निराळा. खंडाळा किंवा कसारा उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवला की ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुने असेल तर ते उकळते. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या त्याच तेलाला १४० अंश पुरतात. उकळले की वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच : दांडा सरळ जमिनीला. खाली येऊन अर्धा तास थांबले की ब्रेक पूर्ववत होतो, आणि मालक म्हणतो, “काही झालेलं नाही, ड्रायव्हर घाबरट आहे.” उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणे आणि तेल ठरावीक मुदतीने बदलणे हा त्यावरचा उपाय. पैकी पहिला ड्रायव्हरच्या हाती असतो, दुसरा मालकाच्या.

स्टिअरिंगची तपासणी उभ्या गाडीत, हलक्या हाताने होते. चाक थोडे डावी-उजवीकडे फिरवायचे आणि पुढची चाके हलेपर्यंत ते किती रिकामे फिरते ते पाहायचे. बॉक्सच्या गाडीत एखादा इंच चालतो. दोन इंच झाले की सांधे शोधायचे. एकाने वर स्टिअरिंग हलवावे, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवावीत : टाय रॉड एन्ड, आयडलर आर्म, बॉक्सचा दांडा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर थांबून मग हलतो, तिथे झीज. डोळ्यांपेक्षा बोटांना हे आधी कळते. बॉक्सवरचा स्क्रू आवळून सगळा प्ले मारणारे मिस्त्री आहेत. त्याने सांध्यांतली झीज जात नाही. उलट स्टिअरिंग मध्यावर जड होते आणि वळणानंतर परतत नाही. मामांच्या मते हा गुन्हा होता.

मग चाक जॅकवर उचलायचे. दोन्ही बाजूंनी धरून हलवले आणि खटखट वाजले तर बहुधा टाय रॉड एन्ड. वर-खाली धरून हलवले आणि वाजले, तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन. पण दोहोंतले कोणते? इथे ब्रेक स्टिअरिंगच्या मदतीला येतो. कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगायचे आणि चाक पुन्हा हलवायचे. ब्रेकमुळे ड्रम मागच्या पत्र्याशी बांधला जातो, बेअरिंगची हालचाल बंद होते. खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा. चालूच राहिली तर किंगपिनचा. एक पैसा खर्च न होता, एकही नट न सोडता दोन दुखणी वेगळी होतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे सांगताना मी पाठ्यपुस्तकातले उदाहरण सोडून हेच देतो.

शेवटी टायर. तळव्याने टायरवरून आत आणि बाहेर हात फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो-इन चुकले आहे, चाक जराजरा फरफटत चालले आहे. मध्ये झिजले असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. लांकेनश्पेर्गरने कागदावर मांडले ते मामा तळहाताने वाचीत. दोघांनाही एकमेकांची नावे ठाऊक नव्हती.

याच हातांना आणि छातीला त्याची किंमतही मोजावी लागली. फेरोडोने आणलेले ॲस्बेस्टॉस पुढची कित्येक दशके जगभरच्या लायनरमध्ये होते. १९२४ साली रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीतली कामगार नेली केरशॉ फुप्फुसे भरून मेली. तिच्या शवचिकित्सेचा अहवाल डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला, कंपनीने जबाबदारी नाकारली. म्हणजे धोका तेव्हापासून माहीत होता. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली १९९९ साली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला; त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी चाळीस वर्षे ठेवाव्यात असा आदेश दिला. पण तो निकाल कारखान्यापुरता. गॅरेजमध्ये ड्रम उघडायचा आणि आतली राखाडी धूळ हवेच्या पाइपने उडवायची, हे काम सर्वांत लहान पोराचे. त्याची प्रकृती कोणी लिहून ठेवायची? ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका, एवढे सांगायलाही पैसे लागत नव्हते. मामांना शेवटची सहा वर्षे दम लागायचा. त्यांच्या दवाखान्याच्या कागदावर “धूम्रपान” असे लिहिलेले होते, आणि ते विडी ओढत हे खरेही होते. चाळीसगावच्या टांग्याची नोंदही अशीच खरी ठरली असती.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. शेवटची गाडी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोक हळहळले. नव्या गाडीत ब्रेकवर संगणकाची देखरेख असते आणि दोष आकड्यांत पडद्यावर उमटतो. तो आकडा कोणता तार तुटली हे पुष्कळदा सांगतो. कोणता टाय रॉड एन्ड झिजला हे सांगत नाही. त्यासाठी अजून कोणाला तरी गाडीखाली झोपावे लागते.

मामांचा धाकटा मुलगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला. परवा भेटला तेव्हा म्हणाला, “दादा, आमच्या इथं एक जुनी ॲम्बॅसडर आली होती. ब्रेक मारला की उजवीकडे ओढत होती. सगळे उजवं चाक खोलायला निघाले.”

मी विचारले, “मग?”

“मी डावं खोललं. सिलिंडर जाम होता.”